ताठ खंड, लवचीक खंड आणि जागेचा हिशेब

एकाच रेणूचा एक खंड ताठ, दुसरा लवचीक, आणि दोन्ही खंड एका टोकाला रासायनिक बंधाने कायमचे जोडलेले, अशा रेणूंना रॉड-कॉइल ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. हे रेणू वितळलेल्या स्थितीत मोठ्या संख्येने एकत्र आले की दोन प्रवृत्ती एकाच वेळी काम करू लागतात. ताठ खंडांचा कल एकमेकांना समांतर राहण्याकडे, म्हणजे द्रवस्फटिक होण्याकडे असतो. त्याच वेळी ताठ आणि लवचीक खंडांचे आपसांत पटत नसल्यामुळे ते वेगळे होऊ पाहतात. पण मधला बंध तुटत नसल्याने त्यांना फार दूर जाता येत नाही आणि ते काही नॅनोमीटर जाडीच्या थरांमध्येच विभागले जातात. यांपैकी कोणती प्रवृत्ती आधी वरचढ ठरते आणि दोन्ही एकत्र आल्यावर कोणती रचना तयार होते, हे सांगणारे गणित हा माझ्या अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय आहे. त्याविषयी मराठीत सलग लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण या विषयाबद्दल माझे एक मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. या पदार्थांमध्ये कोण कोणाला किती आकर्षित करतो यापेक्षा कोणाला किती जागा मिळते हा प्रश्न मोठा आहे, आणि सिद्धान्ताकडेही त्याच नजरेने पाहिले तर तो लवकर उलगडतो.

एम.एस्सी.च्या वर्गात द्रवस्फटिक शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो. “सर, या दांड्यांमध्ये आकर्षणच नसेल, तर ते एका दिशेत राहतील कशाला?” प्रश्न रास्त आहे. शाळेपासून आपल्या मनावर हेच ठसलेले असते की क्रम हवा असेल तर ऊर्जा कमी व्हावी लागते आणि एन्ट्रॉपी, म्हणजे कणांना किती प्रकारे राहता येते याचे माप, नेहमी क्रमाच्या विरोधात उभी असते. लार्स ऑन्सागर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने हा समज मोडीत काढला. त्याआधी १९३६ मध्ये असे आढळले होते की तंबाखूच्या मोझॅक रोगाच्या विषाणूचे द्रावण पुरेसे घट्ट झाले की त्यात द्रवस्फटिकी अवस्था आपोआप तयार होते. हा विषाणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड, ताठ दांड्याच्या आकाराचा असतो. ऑन्सागर यांनी अशा कणांना निव्वळ कठीण दांडे मानले: एकमेकांत घुसू न शकणारे, पण एरवी एकमेकांवर कोणतेही बल न लावणारे. अशा दोन दांड्यांपैकी एकाच्या अस्तित्वामुळे दुसऱ्याच्या मध्यबिंदूला जी जागा वर्ज्य होते, ती लांबीचा वर्ग, जाडी आणि दोघांमधील कोनाची साइन यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असते. कोन जितका मोठा, तितकी वर्ज्य जागा जास्त. दांडे समांतर झाले की दिशेचे स्वातंत्र्य त्यांच्या हातून जाते, पण हालचालीला मिळणारी जागा वाढते. म्हणजे एन्ट्रॉपीचा एक भाग घटतो आणि दुसरा वाढतो. द्रावण विरळ असताना पहिल्याचे पारडे जड असते, घट्ट झाल्यावर दुसऱ्याचे. दांड्याची लांबी जाडीच्या शंभरपट असेल, तर दांड्यांनी एकूण आकारमानाचा सुमारे ३.३ टक्के भाग व्यापेपर्यंत द्रावण क्रमहीन राहते आणि सुमारे ४.२ टक्क्यांपुढे ते पूर्णपणे निमॅटिक झालेले असते, म्हणजे दांडे थरांत न बसता फक्त एका दिशेत राहतात. दरम्यानच्या पट्ट्यात दोन्ही अवस्था शेजारी शेजारी नांदतात. चार टक्के म्हणजे द्रावणाचा शहाण्णव टक्के भाग रिकामा किंवा द्रावकाचाच, आणि तरीही दांड्यांना दिशा निवडावी लागते, हे मला आजही विलक्षण वाटते.

हा क्रम किती आहे ते मोजण्यासाठी ऑर्डर पॅरामीटर वापरतात. प्रत्येक दांडा सरासरी दिशेशी जो कोन करतो, त्याच्या कोसाइनच्या वर्गाची सरासरी काढायची, तिच्या तिपटीतून एक वजा करायचा आणि उत्तर निम्मे करायचे. सगळे दांडे समांतर असतील तर उत्तर १ येते, दिशा पूर्णपणे विखुरलेल्या असतील तर शून्य, आणि सगळे दांडे त्या दिशेला काटकोनात असलेल्या प्रतलात पसरले असतील तर उणे अर्धा. येथे एक बारकावा आहे आणि त्यावर मी वर्गात नेहमी थांबतो. चुंबकत्वात धन आणि ऋण चुंबकन हे एकाच अवस्थेचे दोन आरसे असतात. येथे तसे नाही, कारण एका दिशेत उभे असलेले दांडे आणि एका प्रतलात विखुरलेले दांडे या सर्वस्वी भिन्न रचना आहेत. म्हणून मुक्त ऊर्जेच्या, म्हणजे ऊर्जा आणि एन्ट्रॉपी यांच्या एकत्रित हिशेबाच्या, विस्तारात ऑर्डर पॅरामीटरच्या घनाचे पद टिकून राहते, आणि त्या पदामुळेच क्रमहीन द्रवापासून निमॅटिककडे होणारे संक्रमण हळूहळू न होता उडी मारून होते. विल्हेल्म मायर आणि आल्फ्रेड झाउपे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या सरासरी-क्षेत्र सिद्धान्तात ही उडी शून्यावरून थेट सुमारे ०.४३ पर्यंत असते.

ही उडी डोळ्यांनी पाहायची तर नागपूर ही चांगली जागा आहे. फाइव्ह-सीबी या नावाने ओळखला जाणारा द्रवस्फटिक, जो जॉर्ज ग्रे यांच्या हल येथील गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला, साधारण २४ अंश सेल्सियसला वितळून निमॅटिक होतो आणि ३५ अंशांच्या आसपास साधा द्रव बनतो. मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात असताना, त्याची लहान बाटली वातानुकूलन नसलेल्या खोलीतील कपाटात पूर्ण पारदर्शक दिसते. तीच बाटली थंड प्रयोगशाळेत आणून टेबलावर ठेवली की काचेलगतचा भाग आधी दुधाळ होतो आणि दुधाळ व पारदर्शक भागांमधली एक स्पष्ट सीमा आतल्या बाजूला सरकत जाते. संपूर्ण द्रव एकसारखा गढूळ होत गेला असे कधीच घडत नाही. वरच्या परिच्छेदातील घनाचे पद म्हणजे ही सरकती सीमा, एवढे सांगितले की विद्यार्थ्यांना पुढचे समीकरण परके वाटत नाही.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर एका नावाचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, पुढे बंगळुरूला आपले मामा सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत संशोधन केले, आणि १९७७ मध्ये चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक होतात हे सहकाऱ्यांसह दाखवून दिले. तोवर द्रवस्फटिक म्हटले की लांबट रेणू असेच समीकरण रूढ होते. रेणूचा आकार बदलला की क्रमाची जातच बदलते हा धडा त्या कामात आहे, आणि रॉड-कॉइलच्या अभ्यासकाला तो पावलोपावली उपयोगी पडतो. आपल्या विद्यापीठातील फार थोड्या विद्यार्थ्यांना हे माहीत असते, याची मला खंत वाटते.

आता मूळ रेणूकडे वळतो. तूर काढून झाल्यावर शेताच्या धुऱ्यावर तुराट्या रचून ठेवतात. सरळ असल्यामुळे त्या एकमेकींना लागून दाट बसतात. प्रत्येक तुराटीच्या एका टोकाला हातभर सुतळी बांधलेली आहे असे समजून ही रास रचायला घेतली, तर अडचण लगेच लक्षात येते. तुराट्यांना दाटी हवी असते, पण सुतळ्यांना टोकापाशी तेवढी दाटी सोसत नाही, आणि जागा मिळाली नाही तर त्या ताणून उभ्या राहतात. मग टोके आळीपाळीने दोन्ही बाजूंना काढावी लागतात, किंवा संपूर्ण रास तिरपी करावी लागते, किंवा सुतळी फारच लांब असेल तर मोठी रास मोडून लहान लहान मोळ्या कराव्या लागतात. रॉड-कॉइल पॉलिमर हे तिन्ही उपाय करतात, आणि सिद्धान्ताचे काम म्हणजे कोणत्या परिस्थितीत कोणता उपाय स्वस्त पडतो ते सांगणे.

ही परिस्थिती चार संख्यांनी सांगता येते. पहिली संख्या दोन खंडांमधील नापसंतीची, म्हणजे फ्लोरी-हगिन्स यांची ‘काय’ (χ) ही राशी गुणिले साखळीची लांबी. दुसरी ताठ खंडांच्या समांतर राहण्याच्या कलाची, म्हणजे मायर-झाउपे यांची ‘म्यू’ (μ) ही राशी गुणिले तीच लांबी. तिसरी संख्या रेणूच्या एकूण आकारमानात लवचीक खंडाचा वाटा किती ते सांगते. चौथी संख्या लवचीक खंडाचा नैसर्गिक आकार आणि ताठ खंडाची लांबी यांचे गुणोत्तर आहे. दोन्ही खंड लवचीक असलेल्या साध्या ब्लॉक कोपॉलिमरमध्ये पहिली आणि तिसरी संख्या सहसा पुरेशी असते. दोन्ही खंड सारखे असतील तर ‘काय’ गुणिले लांबी साडेदहाच्या जवळ पोहोचली की थर तयार होतात, हा लुडविक लाइबलर यांचा १९८० सालचा निष्कर्ष त्याच चौकटीतला. चौथी संख्या मात्र रॉड-कॉइलची खास आहे. लवचीक साखळीचा आकार लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि ताठ खंड लांबीच्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे दोन्ही खंड चौपट केले तर दांडा चौपट होतो पण साखळीचा आकार केवळ दुप्पट होतो. परिणामी रेणूचे रसायन आणि खंडांचे प्रमाण तेच ठेवून फक्त लांबी बदलली, तरी हे गुणोत्तर बदलते आणि अवस्थांचा नकाशाही बदलतो. प्रबंध आणि शोधनिबंध तपासताना मी प्रथम ही चौथी संख्या शोधतो. ती नीट दिलेली नसेल तर दोन नमुन्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

थर तिरपे का होतात हे फळ्यावर काही ओळींत मांडता येते, आणि मला या विषयातील सर्वांत आवडता हिशेब तोच आहे. ताठ खंड एका थरात पूर्णपणे समांतर आहेत आणि त्यांच्या टोकांपासून लवचीक खंड बाहेर पडले आहेत असे मानू. दांडे थराला लंब असतील तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला सीमेवर दांड्याच्या छेदाएवढी किंवा, आळीपाळीची रचना असेल तर, त्याच्या दुप्पट जागा येते. सगळे दांडे थीटा कोनातून कलले की ही जागा कोसाइन थीटाने भागल्याएवढी वाढते. साखळी ताणण्याची किंमत या जागेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती कोसाइनच्या वर्गाप्रमाणे कमी होते. दुसऱ्या बाजूला, सीमेचे क्षेत्रफळ वाढल्यामुळे दोन खंडांच्या नापसंतीची किंमत कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात वाढते. कल नसताना ताणाची किंमत ‘त’ आणि सीमेची किंमत ‘स’ धरली, तर दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कुठे होते ते काढणे बारावीच्या कलनशास्त्राचे काम आहे. उत्तर असे येते की कोसाइनचा घन म्हणजे ‘स’ भागिले ‘त’ची दुप्पट. सीमेची किंमत ताणाच्या दुपटीहून जास्त असेल तर दांडे लंबच राहतात, म्हणजे स्मेक्टिक-ए अवस्था मिळते. दोन्ही किंमती सारख्या असतील तर दांडे सुमारे ३७ अंशांनी कलतात, आणि सीमेची किंमत ताणाच्या चतुर्थांशावर आली तर कल ६० अंशांचा होतो. ही स्मेक्टिक-सी अवस्था. लवचीक खंड लांब करत गेले की ताणाची किंमत वाढते, सीमेची तेवढीच राहते, म्हणून लांब शेपटीचे रेणू अधिक कलतात. या संपूर्ण हिशेबात दांड्यांमधील आकर्षणाची राशी कुठेही आलेली नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. दांडे समांतर आहेत एवढे गृहीत धरले की पुढचा सगळा निर्णय जागा आणि सीमा यांचा आहे. हिशेब ढोबळ आहे हे खरे, कारण फार मोठ्या कोनांना दांड्यांची टोके पायऱ्यापायऱ्यांनी सरकतात आणि सीमा सपाट राहत नाही. पण दिशा तो अचूक दाखवतो.

या विषयाचा इतिहास फार लांब नाही. सेमेनोव आणि वासिलेंको यांनी १९८६ साली ताठ व लवचीक खंडांच्या वितळलेल्या द्रवातील निमॅटिक आणि थरांच्या अवस्थांचा पहिला सुसंगत सिद्धान्त दिला. अव्रहाम हॅल्परिन यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत कलण्याचा प्रश्न पुढे नेला. विल्यम्स आणि फ्रेडरिक्सन यांनी १९९२ मध्ये असे भाकीत केले की लवचीक खंडाचा वाटा खूप मोठा झाला की सलग थर टिकत नाहीत, ते फुटून दांड्यांच्या चपट्या, गोल गठ्ठ्यांमध्ये बदलतात. गठ्ठ्याच्या कडेला साखळ्यांना बाजूला पसरायला मोकळीक मिळते आणि तिथे त्यांचा ताण हलका होतो. १९९६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ताठ पॉलिहेक्सिल आयसोसायनेट आणि लवचीक पॉलिस्टायरीन यांच्या संयुगाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे आली आणि त्यांत नागमोडी व बाणाच्या टोकाच्या आकाराचे थर स्पष्ट दिसले. ते नमुने द्रावण वाळवून केलेल्या पातळ फिल्मचे होते, त्यामुळे ती खरी समतोल अवस्था मानावी का याबद्दल मी सावध असतो. पण कललेले दांडे ही कागदावरची कल्पना नाही हे त्या छायाचित्रांनी पटवले.

पुढचा टप्पा संगणकाचा. मॅट्सन आणि बॅरेट यांनी १९९८ मध्ये, आणि प्रियामित्सिन व गणेशन यांनी २००४ मध्ये, स्वयंसुसंगत क्षेत्र सिद्धान्त रॉड-कॉइलला लावून अवस्थांचे नकाशे काढले. या पद्धतीत एका रेणूभोवतीच्या बाकी सर्व रेणूंचा परिणाम एका सरासरी क्षेत्राने दाखवतात, त्या क्षेत्रात एका साखळीची सांख्यिकी सोडवतात, त्यातून घनता आणि दिशा काढतात, त्यावरून क्षेत्र पुन्हा काढतात, आणि दोन्ही जुळेपर्यंत हे फेरे चालू ठेवतात. दोन्ही खंड लवचीक असतील तेव्हा प्रत्येक बिंदूला एकच संख्या लागते. रेणूचा एखादा भाग ताठ किंवा अर्धताठ असला की प्रत्येक बिंदूला प्रत्येक दिशेचीही नोंद लागते. प्रत्येक अक्षावर ६४ बिंदू घेतले तर २,६२,१४४ बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर दिशेच्या वर्णनासाठी १०० सहगुणक घेतले तर २.६ कोटी संख्या होतात. आणि साखळीच्या लांबीचे १०० टप्पे साठवायचे तर २६० कोटी, म्हणजे सुमारे २१ गिगाबाइट. म्हणूनच सुरुवातीचे बहुतेक नकाशे एका किंवा दोन मितींचेच आहेत, आणि एका मितीच्या गणनात गठ्ठे येणे मुळातच अशक्य असते. नकाशात एखादी अवस्था दिसत नाही याचा अर्थ ती निसर्गात नाही असा घ्यायचा नसतो. तिला नकाशात जागा ठेवली होती का, हे आधी पाहावे लागते.

नकाशे पडताळून पाहणारे प्रयोग बर्कलीला सेगलमन आणि ओल्सन यांनी केले. बाजूच्या साखळ्या जोडून विरघळण्याजोगा आणि वितळण्याजोगा केलेला पॉलिफिनिलिन व्हिनिलिनचा ताठ खंड आणि पॉलिआयसोप्रीनचा लवचीक खंड, असा त्यांचा रेणू. तापवत गेल्यावर थर, मग निमॅटिक, मग क्रमहीन द्रव हा अपेक्षित क्रम त्यांना मिळाला, आणि दोन लवचीक खंडांच्या पॉलिमरमध्ये जिथे नळकांड्यांची रचना अपेक्षित असते अशा प्रमाणांपर्यंत थरच टिकून राहतात हेही दिसले. ताठ खंडांना वक्र सीमा मानवत नाही. सपाट थरात त्यांना शेजारी शेजारी बसता येते, नळकांड्यात येत नाही. येथेही निर्णय जागेचाच.

या सगळ्याचा उपयोग काय, असे पॉलिमर तंत्रज्ञानाचे विद्यार्थी विचारतात, आणि तेही योग्यच आहे. वीज वाहणारे संयुग्मित पॉलिमर बहुधा ताठ असतात, आणि सौर घटांमध्ये प्रकाशाने निर्माण झालेला एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांची जोडी, साधारण १० नॅनोमीटर जाईपर्यंत विरून जातो. त्यामुळे दोन पदार्थांची सीमा तेवढ्या अंतराच्या आत हवी असते, आणि ब्लॉक कोपॉलिमरचे थर नेमके त्याच मापाचे असतात.

आता उरतो तो खरा अवघड भाग. हे संयुग्मित खंड ताठ म्हटले तरी पूर्ण ताठ नसतात. लांबी वाढत गेली की ते वाकतात. आपण त्यांना दांडा मानून काढलेली चौथी संख्या तेव्हा अपुरी पडते, आणि खंडाची लांबी त्याच्या टिकाऊ ताठपणाच्या अंतराच्या (साखळी जेवढ्या अंतरापर्यंत आपली दिशा टिकवते त्याच्या) किती पट आहे ही पाचवी संख्या घ्यावी लागते. क्राटकी आणि पोरोड यांचे १९४९ सालचे अर्धताठ साखळीचे प्रारूप त्यासाठी वापरतात. वाकणाऱ्या खंडाला कलण्याची गरज कमी असते, कारण सीमेजवळ तो स्वतःच थोडा वळून साखळीला जागा करून देऊ शकतो. म्हणजे वरच्या हिशेबातील ‘त’ आणि ‘स’ यांच्यासोबत वाकण्याच्या किमतीचे तिसरे पद येते आणि स्मेक्टिक-सीचा प्रदेश आक्रसतो, अशी माझी अपेक्षा आहे. सध्या मी दोन मितींत हेच गणन करत आहे. लवचीक खंडाचा वाटा, ‘काय’, ‘म्यू’ आणि आकारांचे गुणोत्तर या चारही संख्या स्थिर ठेवून फक्त ताठपणा पायरीपायरीने कमी करायचा, आणि कललेले थर कोणत्या पायरीवर लंब होतात ते नोंदवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी या गणनाचा एका मितीचा भाग पुरेसा सोपा आहे; कलनशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग येत असलेल्या विद्यार्थ्याने त्यातील कोणताही एक कोन निवडून सुरुवात करावी, मूळ प्रोग्रॅम मी देईन.